गाडी ‘उडते’ म्हणजे नेमकी किती? रीमॅप केलेलं इंजिन तपासायची माझी पद्धत

भाचा दारात आला तो हॉर्न वाजवतच. “मामा, बसा. काही विचारू नका, नुसतं बसा.” गाडी २०१६ ची डिझेल स्विफ्ट. १२४८ सीसी, कंपनीचा आकडा ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क. आदल्या दिवशी पुण्यात एकाकडून त्यानं ई-सी-यूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नवी फाइल टाकून घेतली होती. ट्यूनरनं सांगितलं होतं, पस्तीस टक्के वाढ. साताऱ्याच्या बाहेर रस्ता मोकळा मिळाला तसा त्यानं पाय तळाला नेला. माझी पाठ सीटला चिकटली आणि आरशात मागचा रस्ता काळा झाला.

“कशी वाटते?”

“वाटते झकास. पण आधी किती होती?”

ते त्यानं मोजलंच नव्हतं. सगळ्यांचंच असं होतं, म्हणून हे लिहितोय. पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्यात मी इंजिन टेस्ट बेडवर २२ वर्षं काढली. सकाळच्या पाळीत पहिलं काम इंजिन सुरू करायचं नसायचं. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनामोमीटरच्या (डायनोच्या) दांड्याला ठरलेली वजनं टांगायची आणि काटा बरोबर दाखवतो का ते बघायचं. मापच खोटं असेल तर पुढचा दिवस वाया. घरच्या गाडीलाही हाच नियम.

आधी गाडी जशी होती तशी मोजा

फाइल टाकून झाली असेल तर मूळ फाइल परत टाकून घ्या. ट्यूनरनं ती वाचून ठेवली आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. ठेवली नसेल तर तिथून गाडी काढा. भाच्याच्या ट्यूनरकडे ती होती, आणि माणूस भला. एका रविवारी लॅपटॉप घेऊन साताऱ्याला यायला तयार झाला.

मोजण्याआधी गाडी धड आहे का ते बघा. एअर फिल्टर, टायरमधली हवा, स्कॅनरवर जुने फॉल्ट कोड, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे, रबरी पाइप. पाइपच्या जोडावर तेलकट ओल जरा जास्तच दिसली तर तिथून हवा निसटतेय. आजारी इंजिनावर ट्यूनिंग केलं की वाढ मोठी दिसते आणि आजार तसाच राहतो.

मग गाडी भुईकाट्यावर घ्या. हायवेलगतच्या काट्यावर आमच्या पुढे खडीचा डंपर होता. आमची पाळी आली तेव्हा काटेवाल्यानं विचारलं, “काय भरलंय?” मी म्हटलं, “भाचा.” आम्ही दोघं, अर्धी टाकी डिझेल आणि डिकीतली स्टेपनी धरून १२२० किलो. त्यांचा काटा दहा किलोच्या पायरीनं दाखवतो. आपल्या कामाला एवढं बास. पुढच्या प्रत्येक चाचणीला तेवढीच माणसं आणि तेवढंच डिझेल.

शून्य ते शंभर विसरा

शून्य ते शंभरमध्ये क्लच सोडायची हातोटी, गिअर बदलायचा वेग आणि टायरची पकड हेच जास्त मोजलं जातं. शिवाय रस्त्यावर तो प्रकार धोक्याचा. मी तिसरा गिअर घेतो आणि खरा ६० ते खरा ८० एवढीच वेगवाढ मोजतो. या गाडीत तेव्हा इंजिन साधारण २३५० ते ३१५० आरपीएममध्ये असतं, म्हणजे टर्बो पूर्ण जागा, आणि वेग हायवेच्या मर्यादेच्या आत.

खरा ६० असं म्हणतोय, कारण स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो. आधी जीपीएसवर ६० आणि ८० स्थिर ठेवून बघा आणि काटा जिथे असेल तिथे डायलच्या काचेवर मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावा. फोन स्टँडवर घट्ट बसवून डायलचा व्हिडिओ घ्या. चालवणाऱ्यानं फक्त रस्ता बघायचा. घरी येऊन व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा: पहिल्या पट्टीवरून दुसऱ्या पट्टीपर्यंत किती फ्रेम? सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. फोनचं जीपीएस यासाठी वापरू नका. ते साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतं आणि आपलं सगळं काम तीन सेकंदांत उरकतं.

पहाटेची वेळ, वारा पडलेला, रस्ता रिकामा. त्याच पट्ट्यावर जाताना पाच आणि येताना पाच धावा. कुठलीही धाव ‘ही चुकली’ म्हणून गाळायची नाही. गाळायला लागलात की आपल्याला हवं ते उत्तर निघतं. आमच्या पट्ट्यावर जाताना सरासरी ३.५ सेकंद आली आणि येताना ३.३. भाचा म्हणाला वारा असेल, पण पानही हलत नव्हतं. रस्ताच अर्ध्या टक्क्यानं चढा होता. डोळ्याला सपाट दिसतो, पण १२२० किलोची गाडी तेवढ्या चढावर सेकंदाचा दहावा हिस्सा गमावते. म्हणून दोन्ही दिशा घ्यायच्या. सरासरी ३.४.

आता यातून ताकद काढू, सातवीतलं गणित आहे. ६० ते ८० म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटरची वाढ. तिला ३.४ नं भागा, १.६३. गुणिले १२२० किलो, म्हणजे साधारण १९९० न्यूटन जोर. त्यात ७० च्या वेगाला हवेचा सुमारे १५० आणि टायरच्या घर्षणाचा सुमारे १४५ न्यूटन विरोध मिळवा. एकूण २२८५ च्या आसपास. ७० किमी म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर, गुणलं की ४४ किलोवॅट, म्हणजे चाकांवर ६० पीएस. फ्लायव्हील, चाकं यांना फिरवण्यात जाणारा जोर यात धरलेला नाही, त्यामुळे कंपनीच्या ७५ शी हा आकडा जुळवत बसू नका. ते तुलनेचं माप आहे. आज ६०, उद्या किती, एवढंच विचारायचं.

मूळ – नवी – पुन्हा मूळ

टेस्ट बेडवर शिकलेली आणि बाहेर जवळजवळ कुणी न पाळणारी गोष्ट ही. नवी फाइल टाकून मोजलं की थांबायचं नाही. पुन्हा मूळ फाइल टाकून पुन्हा मोजायचं.

आमचा रविवार असा गेला. सव्वासहाला मूळ फाइल, ३.४० सेकंद. सातनंतर नवी फाइल, २.७०. सव्वाआठला परत मूळ, ३.४८. दोन तासांत हवा २४ वरून ३१ अंशांवर गेली आणि काहीही न बदललेली गाडी मंदावली. उलट क्रमानं, म्हणजे मूळ फाइल उन्हात आणि नवी पहाटे मोजली असती, तर ही तापमानाची भेट ट्यूनरच्या खात्यात जमा झाली असती. मूळच्या दोन आकड्यांची सरासरी धरली तर चाकांवर ६० चे ७४ पीएस झाले होते. वाढ सुमारे २३ टक्के. खरी होती, पण पस्तीस नव्हती.

मग पस्तीस कुठून आले? ट्यूनरनं डायनोचा कागद दाखवला. त्यात खोटं काही नव्हतं, पण नंतरच्या आकड्याला एक दुरुस्ती लावलेली होती. डायनोचं सॉफ्टवेअर हवेचा दाब आणि तापमान बघून आकडा एका ठरलेल्या हवामानाला आणतं. एस-ए-ई जे-१३४९ या मानकात ते २५ अंश आणि ९९ किलोपास्कल आहे. त्यातलं पेट्रोलचं सूत्र टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला बरोबर. साताऱ्यासारख्या सातशे मीटर उंचीच्या गावात हवेचा दाब ९३ च्या आसपास असतो. ३५ अंशांच्या दुपारी पेट्रोलचं सूत्र जवळपास दहा टक्के मिळवून देतं. टर्बो डिझेल मात्र विरळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करून घेतं. त्याला तेच सूत्र लावलं की ते दहा टक्के फुकटचे. पुणं साताऱ्याहून थोडं खाली, पण तिथंही हा फुगवटा होतोच. डायनोवर जाल तेव्हा दुरुस्तीविना कच्चा आकडा मागा. आधी आणि नंतरचं मोजमाप एकाच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमधली हवा आणि गाडी बांधायच्या पट्ट्यांचा ताण तोच ठेवून. आणि ‘आधी’चा आकडा ब्रोशरमधून उचललेला असेल तर कागदाची पुरचुंडी करा. ब्रोशरमध्ये इंजिनाची ताकद असते, डायनो चाकांची मोजतो.

ताकद मिळाली. इंजिनाला ती झेपते का?

इथपर्यंत सगळे येतात आणि इथंच थांबतात. माझ्या मते इथपर्यंतचं काम म्हणजे पाव चाचणी. उरलेल्या पाऊण चाचणीत ट्यूनिंग मोडायचा प्रयत्न करायचा.

स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी यंत्र (ई-सी-यूमधले आकडे फोनवर दाखवणारं) चालेल, पण त्याला एका वेळी तीन-चारच आकडे मागा. पंधरा मागितले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि नेमका झटका हुकतो. आणि एक सापळा लक्षात ठेवा. सर्वसाधारण ओबीडीत मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब एका बाइटमध्ये येतो, म्हणजे जास्तीत जास्त २५५ किलोपास्कल. भाच्याच्या फोनवर आलेखाचं टोक २५५ ला सपाट कापल्यासारखं दिसत होतं. तो म्हणाला, “बघा मामा, किती स्थिर बूस्ट.” बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला दाब, स्थिर नव्हता; मोजायची पट्टी संपली होती. कंपनीच्या पद्धतीनं वाचणाऱ्या स्कॅनरवर तोच झटका २६८ पर्यंत जाऊन २४५ ला स्थिरावताना दिसला. मागणी किती आणि प्रत्यक्ष किती, या दोन्ही रेषा एकावर एक ठेवून बघा. प्रत्यक्ष रेषा वर उसळत असेल तर आज ना उद्या पी-०२३४ हा जास्त बूस्टचा कोड येणार. खाली राहत असेल तर पी-०२९९. रेल प्रेशरचंही, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचंही, असंच बघा. मागणीपेक्षा प्रत्यक्ष खाली पडायला लागलं तर पंपाची ताकद संपली, पी-००८७ दूर नाही.

ओबीडीतला दाब निरपेक्ष असतो, त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. इथं घाटमाथ्यावरच्या माणसानं थोडा विचार करायला हवा. २४५ चा दाब समुद्रकाठी करायचा तर टर्बोला हवा २.४ पट दाबावी लागते. पाचगणीत बाहेरचा दाब ८७ च्या घरात, म्हणजे तिथं २.८ पट. टर्बोचा पंखा तेवढा जास्त वेगानं फिरणार. मुंबईत नीट बसवलेली फाइल महाबळेश्वरला टर्बोचा जीव घेऊ शकते, आणि फाइल लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता धूर. डिझेलमध्ये काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त. दर स्ट्रोकला किती मिलिग्रॅम हवा आणि किती डिझेल, हे दोन आकडे स्कॅनरवरून घ्या आणि भागा. मूळ फाइलवर, पूर्ण लोडला, ६५० मिलिग्रॅम हवेला ३७ डिझेल येत होतं, म्हणजे १७.६. नव्या फाइलवर ७३५ ला ४७, म्हणजे १५.६. डिझेल पूर्ण जळायला कागदावरच साधारण साडेचौदा पट हवा लागते, आणि सिलिंडरच्या आत ती नीट मिसळायला वेळ नसतो. माझी मर्यादा १७. त्याच्या खाली मी कुणालाही जाऊ देत नाही. एक गोम आहे: रेल प्रेशरच्या सेन्सरला फसवणारा डबा बसवला असेल किंवा इंजेक्शनचा वेळ गुपचूप वाढवला असेल, तर ई-सी-यू सांगतो तो डिझेलचा आकडाच खोटा. मीटरवरचं अ‍ॅव्हरेजही मग खोटं. अशा गाडीचं अ‍ॅव्हरेज त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कट-ऑफपर्यंत टाकी भरून काढायचं. चार-पाच टाक्यांनंतर विश्वास ठेवायचा.

धूर मोजायला महागडं यंत्र नको, पीयूसीवाल्याकडे आहे. फाइल बदलण्याआधी एकदा जा, नंतर एकदा. इंजिन गरम करून न्या. थंड इंजिनावर पिळून घेऊ नका. बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ आहे. भाच्याची गाडी मूळ फाइलवर ०.६ होती, नवीवर १.९. पास-नापासचा कागद काहीही सांगो, हा तिप्पट फरकच बोलका आहे. आणि हो, मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीनं ठरवलेल्या तपशिलात बदल करायला आडवं येतं. वॉरंटी आणि विम्याचंही आधी विचारून घ्या. हे मी भाच्याला उशिरा सांगितलं, तुम्हाला वेळेवर सांगतोय.

क्लचची चाचणी फुकट आहे. एकाच गिअरमध्ये आरपीएम भागिले वेग हा आकडा कधी बदलत नाही. चौथ्याला या गाडीत तो साडेसत्तावीस. पूर्ण जोर आला आणि आकडा ३० वर गेला तर इंजिन फिरतंय, चाक नाही. क्लच प्लेट घसरतेय. आमची प्लेट ९०,००० किलोमीटर चाललेली होती. १९०० आरपीएमला दोन सेकंद घसरली. सीटवर बसून कुणालाही कळलं नसतं, लॉगमध्ये चक्क दिसलं.

पसरणीचा घाट, दुपारी दोन वाजता

पहाटे तीन सेकंदांच्या धावेत कुठलंही इंजिन शहाणं वागतं. खरा कस चढावर, उन्हात, भरलेल्या गाडीत. आम्ही मे महिन्यात चौघं बसून, एसी लावून, वाईहून पाचगणीला निघालो. दुसरा-तिसरा गिअर, जिथं रस्ता परवानगी देईल तिथं पूर्ण जोर. ओव्हरटेकिंग नाही, शर्यत नाही. आपल्याला लोड हवाय, वेग नको.

त्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या अलीकडे, धुराचं तापमान मोजणारा थर्मोकपल बसवून घेतला होता. मॅनिफोल्ड खोलूनच भोक पाडा. जागेवर ड्रिल मारलं आणि कीस टर्बोच्या पंख्यात गेला तर चाचणी करायला टर्बो उरणार नाही. मूळ फाइलवर याच घाटात ७०० अंश आले होते आणि पाण्याचं तापमान ९४ ला थांबलं होतं. नव्या फाइलवर अर्ध्या घाटात ८३० अंश, पाणी १०६ आणि अजून चढतंच होतं. सलग चढावर मी ७५० च्या वर जाऊ देत नाही. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद न करता पाच मिनिटं तसंच चालू ठेवलं. तापलेला टर्बो लगेच बंद केला तर आतलं तेल जागेवर करपतं. भाचा दरीकडे बघत उभा होता. “तरी गाडी पळते छान,” एवढंच म्हणाला.

ट्यूनरला मी फोनवर ओरडलो नाही. पाच आकडे पाठवले: १५.६, १.९, ८३०, २६८ आणि ३०. असे आकडे हातात असले की भांडण होत नाही. ‘धूर मारतेय’ म्हटलं तर समोरचा ‘सगळ्याच मारतात’ म्हणतो, १५.६ ला त्याच्याकडे उत्तर नसतं. त्यानं डिझेल कमी केलं, कमी आरपीएमवरचा टॉर्क थोडा उशिरा येईल असं केलं, बूस्टची उसळी बसवली. तिसऱ्या फाइलवर जुळलं: ७३० हवेला ४२ डिझेल, म्हणजे १७.४. धूर ०.९. त्याच घाटात, तशाच उन्हात ७४० अंश, पाणी ९७. क्लच घसरली नाही. आणि ६० ते ८० ला २.९५ सेकंद, म्हणजे चाकांवर ६८-६९ पीएस. वाढ चौदा टक्क्यांच्या आसपास. भाच्याचा चेहरा पडला, पण ही फाइल मी त्याच्या गाडीत राहू दिली.

यानंतर हजार किलोमीटरला तेलाची पातळी बघा, कूलंट बघा, फॉल्ट कोड वाचा. तीन हजारांना पहाटेची पट्टीची चाचणी पुन्हा, त्याच रस्त्यावर. मूळ फाइल पेन ड्राइव्हमध्ये घालून गाडीतच ठेवा, आणि सगळे आकडे तारीख-तापमानासह वहीत उतरवा. फोनमध्ये नको, फोन बदलतात.

आमचं तीन हजारांना २.९५ चं ३.१५ झालं होतं. भाच्याला काहीच जाणवलं नव्हतं. लॉग काढला तर बूस्टची प्रत्यक्ष रेषा मागणीच्या खाली. बॉनेट उघडलं, इंटरकूलरच्या खालच्या पाइपला हात लावला, बोटं तेलानं काळी झाली. क्लिप सैल होती. आवळली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत २.९५.